'केअरफुल' म्हणजे प्रत्येक वेळी 'काळजीपूर्वक'च का?

मांडवीकर

नमस्कार.

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळासाठी घरातील सुरक्षिततेविषयीचे एक इंग्रजी पत्रक मराठीत करण्याचे काम गेल्या आठवड्यात माझ्याकडे आले. पत्रक दोनच पानांचे आहे, पण त्यात 'केअरफुल' किंवा 'केअरफुली' हा शब्द नऊ वेळा येतो. पहिल्या खर्ड्यात मी नऊही ठिकाणी 'काळजीपूर्वक' लिहिले आणि तो खर्डा बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या परिचयाच्या एका काकूंना वाचायला दिला. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि हे पत्रक त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. 'गॅस काळजीपूर्वक बंद करावा' या ओळीवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "गॅस काळजीपूर्वक बंद करायचा म्हणजे मी नेमके काय करायचे? बटण फिरवायचे की काळजी करत बसायचे?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनीच पुढे सांगितले, "बटण नीट बंद झाले का ते बघून घ्या, असे लिही ना."

त्या एका वाक्याने मला माझा पूर्ण खर्डा पुन्हा वाचायला लावला. 'ओल्या फरशीवर काळजीपूर्वक चाला', 'औषध काळजीपूर्वक मोजा', 'अनोळखी माणसाशी काळजीपूर्वक बोला', 'कागदपत्रे काळजीपूर्वक ठेवा' ही सगळी वाक्ये व्याकरणाला धरून आहेत, पण त्यांतले एकही वाक्य आपण घरात उच्चारत नाही. ओल्या फरशीवर आपण जपून चालतो. औषध बघून, मोजून घेतो. अनोळखी माणसाशी बोलताना सावध असतो किंवा बेताने बोलतो. कागद सांभाळून ठेवतो. गरम पाण्याचे पातेले हळूच उतरवतो. लहान मुलाने काचेचा पेला उचलला तर 'नीट धर' म्हणतो. इंग्रजीने जे एका क्रियाविशेषणात बसवले आहे, ते मराठी बहुतेक वेळा क्रियापदाला 'ऊन' लावून सांगते: जपून, सांभाळून, बघून, विचारून, मोजून, पारखून, तोलून, निरखून. यातला प्रत्येक शब्द माणसाला काहीतरी करायला सांगतो. डोळा कुठे ठेवायचा, हात कसा चालवायचा, जीभ कधी आवरायची, हे त्यातून कळते. 'काळजीपूर्वक' हा शब्द फक्त मनाची स्थिती सांगतो आणि पुढचे वाचणाऱ्यावर सोपवतो.

मला त्या शब्दाविषयी राग नाही. तो शब्द आपण भाषांतर करताना इतका हाताशी ठेवला आहे की बाकीचे शब्द लिखाणातून दिसेनासे होत आहेत, ही माझी खरी चिंता आहे. महाराष्ट्राबाहेर, आपल्या बडोद्यासारख्या गावात, हे अधिक जाणवते, कारण घरातले मराठी बोलण्यात टिकले असले तरी वाचायला मिळणारे मराठी बहुतांशी अशा भाषांतरित पत्रकांचेच असते. ज्या शहरात प्रशासनाचे शब्द नेमके असावेत म्हणून सयाजीराव महाराजांनी आठ भाषांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश तयार करवून घेतला आणि तो १९३१ साली प्रसिद्ध झाला, त्या शहरात आपण नऊ वाक्यांना एकच शब्द वापरावा, हे मला पटत नाही.

तर आपणा सर्वांना विनंती अशी की, 'केअरफुल' आणि त्याच्या जवळचे इंग्रजी शब्द यांच्यासाठी आपल्या घरात, व्यवसायात प्रत्यक्ष कोणते शब्द बोलले जातात, ते येथे लिहावे. शब्दकोशातून उतरवलेली यादी नको. कोणता शब्द कुठे चालतो आणि कुठे खटकतो, हे कळले तर मला पत्रक सुधारता येईल.

सुरसागरकाठ

मांडवीकर, आपला मुद्दा मान्य आहे, पण काळजी हा शब्द मुळात दुहेरी आहे, आणि काकूंचा प्रश्न त्या दुहेरीपणातूनच आला आहे. आपण काळजी घेतो, काळजी करतो, आपल्याला काळजी वाटते आणि कधी काळजी लागते. 'घेणे' असेल तर ती दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या भल्यासाठी केलेली कृती असते. 'करणे' असेल तर तो जिवाला घोर असतो. आई मुलाला परगावी पाठवताना 'काळजी घे' म्हणते आणि मुलगा तिला 'काळजी करू नकोस' म्हणतो. शब्द एकच असला तरी पुढच्या क्रियापदाने अर्थ पार बदलतो. 'काळजीपूर्वक' मध्ये हे क्रियापदच गळून पडते, म्हणून घेणे की करणे, हे कळायला मार्ग राहत नाही.

इंग्रजीतही हेच झाले आहे. 'केअर' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ दुःख, शोक, चिंता असा होता, आणि 'केअरफुल' म्हणजे शोकाने भरलेला. जर्मन भाषेत गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतात. त्यातला 'कार' याच कुळातला, म्हणजे विलापाचा वार. शोकाकडून चिंतेकडे आणि चिंतेकडून दक्षतेकडे असा त्या शब्दाचा प्रवास आहे. लॅटिनमधला 'कूरा' हा शब्द अर्थाने आणि उच्चाराने जवळचा वाटतो, पण त्याचे कूळ वेगळे आहे. 'अ‍ॅक्युरेट' हा शब्द त्या 'कूरा'पासून आला, म्हणजे मूळ अर्थाने मन लावून केलेले. 'सिक्युअर' हाही त्यातलाच. त्यात 'से' म्हणजे विना आणि 'कूरा' म्हणजे चिंता, तेव्हा तो अक्षरशः आपला 'निश्चिंत' झाला. आज आपण 'सिक्युअर'ला 'सुरक्षित' म्हणतो, पण रात्री दाराला कडी घातल्यावर जे वाटते ते निश्चिंतच.

विश्वामित्री

सुरसागरकाठ यांच्या शेवटच्या वाक्यावरून एक गोष्ट सुचली. 'निश्चिंत' आणि 'निष्काळजी' या दोन शब्दांची घडण सारखीच आहे. दोन्हींत काळजी नसल्याचे सांगितले आहे. पण एक शब्द आशीर्वादात येतो आणि दुसरा तक्रारीत. मधे 'बिनघोर' आहे, तो बोलण्यातला आणि प्रेमळ आहे. 'बेफिकीर' हा स्वभाव सांगतो, आणि कधी कधी त्यात थोडे कौतुकही असते. ज्यांना इंग्रजी 'केअरलेस' मराठीत आणायचा आहे, त्यांनी आधी यातले कोणते सांगायचे आहे ते ठरवावे.

दुसरे असे की, धोका बाहेरून येत असेल तर 'सावध' या शब्दाला पर्याय नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि त्याबरोबर मगरीही आल्या, तेव्हा आमच्या गल्लीत एकमेकांना 'सावध राहा' असेच सांगितले जात होते. 'जपून राहा' म्हटले असते तर ते प्रकृतीविषयी वाटले असते. 'सावध' म्हणजे अवधानासह असलेला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे जे मागितले आहे ते अवधान, आणि लग्नात अंतरपाट दूर होण्यापूर्वी जे म्हटले जाते ते सावधान, हे एकच. भीती त्या शब्दाला पुढे चिकटली. मुळात तो लक्ष देण्याचा शब्द आहे.

निवृत्त परिचारिका

मी बत्तीस वर्षे रुग्णालयात काम केले, त्यामुळे पत्रकातील औषधाच्या वाक्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या प्रशिक्षणात औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी योग्य असल्याची खात्री करायला शिकवले जाते: रुग्ण योग्य, औषध योग्य, मात्रा योग्य, देण्याचा मार्ग योग्य आणि वेळ योग्य. वरिष्ठ परिचारिका नव्या मुलींना 'काळजीपूर्वक द्या' असे कधी सांगत नसत. 'पडताळून द्या' असे सांगत. 'पडताळणे' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात दोन गोष्टी शेजारी ठेवून बघण्याची क्रिया आहे: चिठ्ठीवरचे नाव आणि बाटलीवरचे नाव. घरातल्या माणसाला 'औषध काळजीपूर्वक मोजा' म्हटल्याने काही कळत नाही. 'बाटलीबरोबर आलेल्या मापाने ५ मिलि मोजून घ्या, घरचा चमचा वापरू नका' असे लिहिले तर चूक टळते, कारण घरातले चमचे लहानमोठे असतात.

मधुमेह असणाऱ्यांच्या पायांविषयीही त्या पत्रकात काही असेल तर तेथे 'निगा' हा शब्द घालावा. पायांची निगा राखायची असते. 'निगा' हा फारसी 'निगाह' म्हणजे दृष्टी या शब्दातून आला आहे, आणि पायांच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे, कारण मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, जखम दुखत नाही, म्हणून ती डोळ्यांनीच शोधावी लागते. रोज तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचा बघायच्या, स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरायचा किंवा घरच्यांना सांगायचे. 'काळजी घ्या' एवढ्याने हे होत नाही, असे मी कित्येक रुग्णांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्याचे वाईट अजून वाटते.

आणखी एक. आमच्या कामाला जुना शब्द 'शुश्रूषा'. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याचे ऐकून घेणे हा सेवेचा पहिला भाग आहे, हे त्या शब्दातच सांगून ठेवले आहे. इंग्रजी 'केअर'मध्ये ही छटा मला कधी सापडली नाही.

तोळामासा

मी सोन्याच्या पेढीवर हिशेबनीस होतो. तेथील शब्द 'काटेकोर'. हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे तराजूचा काटाच येतो. एक तोळा म्हणजे १२ मासे, एक मासा म्हणजे ८ गुंजा, तेव्हा तोळ्याच्या ९६ गुंजा. आजच्या मापात तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. एवढ्याशा वजनासाठी पंखा बंद करून, श्वास आवरून काटा स्थिर होईपर्यंत थांबावे लागे. ते 'काटेकोर'. त्यात धोक्याचा किंवा मायेचा संबंध नाही, फक्त अचूकतेचा आहे. इंग्रजी 'मेटिक्युलस'साठी मी हाच शब्द घेईन.

सुरसागरकाठ

तोळामासा, अर्थाने हे बरोबर आहे. केवळ माहितीसाठी सांगतो की 'मेटिक्युलस'चे मूळ लॅटिन 'मेटुस' म्हणजे भय. तो शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ भित्रा असा होता, मग चुकीच्या भीतीने बारीकसारीक बघणारा, आणि आता प्रशंसेचा झाला. 'स्क्रुप्युलस' तर टोचणाऱ्या बारीक खड्यावरून आला. मनाला टोचणी लागणे आपणही म्हणतोच. 'कॉशस' हा सावध राहण्याचा, 'सर्कमस्पेक्ट' हा चारी बाजूंना बघण्याचा, आणि 'प्रूडंट' हा पुढचे आधी बघण्याचा, म्हणजे दूरदर्शी. 'डिलिजंट' मात्र वेगळा आहे. त्याच्या मुळाशी प्रिय मानणे असा अर्थ आहे. जे काम प्रिय असते ते मन लावून होते. मराठीत त्याला समर्थ रामदासांचा शब्द 'साक्षेप' आहे. दासबोधात सावधपण तिसरे आणि साक्षेप चौथा, असे दोन्ही वेगवेगळे सांगितले आहेत, म्हणजे सावध असणे आणि झटून काम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्यांच्या मनात स्पष्ट होते.

कोठीसमोर

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. माझे आयुष्य न्यायालयाच्या कागदपत्रांत गेले. तेथे एका इंग्रजी शब्दाला प्रत्येक ठिकाणी वेगळा मराठी शब्द वापरला तर अनर्थ होईल. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५२ व्या कलमात सांगितले होते की, योग्य दक्षता आणि अवधान यांवाचून केलेली गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही ही व्याख्या आहे. अशा ठिकाणी 'दक्षता' हा शब्द एकदा ठरला की तो शेवटपर्यंत तोच ठेवावा लागतो, मग तो बोलीत चालतो की नाही हे बघून भागत नाही. त्यामुळे 'काळजीपूर्वक'सारखा स्थिर, कोणत्याही वाक्यात बसणारा शब्द भाषेत असणे ही उणीव नसून सोय आहे. 'सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांमुळे सर्वांना कळते आणि ते बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

तरीही एक कबूल करतो. महाराष्ट्रातील पोलीस अपघाताच्या नोंदीत 'अविचाराने, हयगयीने' असे लिहितात, आणि आमच्याकडे गुजरातीत 'पूरझडपे अने गफलतभरी रीते' असे लिहितात. 'हयगय' आणि 'गफलत' हे दोन्ही बोलण्यातले शब्द असून न्यायालयात पक्के बसले आहेत. कायद्याला बोलीचे वावडे असते असे नाही.

मांडवीकर

कोठीसमोर, आपला आक्षेप मी मनापासून स्वीकारतो. करार, कायदा, परीक्षा येथे एकच शब्द ठेवणे आवश्यक आहे, आणि 'काळजीपूर्वक वाचा' हे मी पत्रकात ठेवणार आहे. वाचण्याच्या बाबतीत तो शब्द आता रुळला आहे. मात्र ऐंशी वर्षांच्या माणसाला रात्री उठून ओल्या न्हाणीघरात जाताना जी सूचना आठवायला हवी, ती त्याच्या आईच्या तोंडच्या शब्दांत असेल तरच आठवेल, असे मला वाटते.

वाडीतली सून

मी मूळची गुजराती, लग्नानंतर मराठी शिकले, म्हणून या धाग्यात लिहायला संकोच वाटत होता. पण दोन भाषांच्या उंबरठ्यावर हे शब्द कसे अडखळतात, ते सांगितले तर उपयोग होईल.

आमच्या माहेरी निघणाऱ्या माणसाला 'साचवीने जजो' म्हणतात, म्हणजे जपून जा. मी सासरी पहिल्या वर्षी सासूबाईंना 'आई, साचवून जा' म्हटले. त्या घटकाभर माझ्याकडे बघत राहिल्या, कारण मराठीत साचवणे म्हणजे साठवणे. 'चोक्कस' हेही तसेच. गुजरातीत त्याचा अर्थ नक्की, आणि मराठीत 'चौकस' म्हणजे बारीक चौकशी करणारा. 'सांभळो' म्हणजे ऐका आणि मराठीतले 'सांभाळा' म्हणजे जपा, यात तर मी अनेकदा फसले. निवृत्त परिचारिका ताईंनी 'शुश्रूषा'विषयी लिहिले ते वाचून मात्र वाटले, ऐकणे आणि सांभाळणे यांची गल्लत मी एकटीनेच केलेली नाही.

उलट 'काळजी' आणि 'जतन' हे दोन्हीकडचे आहेत. पत्रक गुजरातीतही निघणार असेल तर कागदपत्रांच्या ओळीत मराठीत 'सांभाळून ठेवा' आणि गुजरातीत 'साचवीने राखो' लिहावे. दोन्ही घरांत तेच बोलले जाते.

सासूबाई स्वयंपाकाच्या बाबतीत 'निगुतीने' हा शब्द वापरत. पुरणपोळी निगुतीने लाटायची, लोणचे निगुतीने भरायचे. त्यात घाई नाही, सांडलवंड नाही, वाया घालवणे नाही. या एका शब्दाला गुजरातीत काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही.

तोळामासा

'निगुती' हा शब्द वाचून आनंद झाला. माझी आईही म्हणत असे. 'बेताने' हाही राहिला आहे. बेताने खा, बेताने खर्च कर, बेताने बोल. यात मर्यादा सांभाळण्याची सावधगिरी आहे.

विश्वामित्री

दूरध्वनीवरून फसवणूक करणाऱ्यांविषयी पत्रकात ओळ आहे का? असल्यास तेथे 'सावध राहा' एवढेच पुरणार नाही. 'खबरदारी' हा शब्द बघावा. 'खबरदार' म्हणजे मूळ अर्थाने ज्याला खबर आहे तो. मराठीत तो दटावणीचा झाला, पण 'खबरदारी घेणे' मध्ये आधीच माहिती असल्याने आधीच पावले उचलणे हा अर्थ टिकून आहे. सावध माणूस संकट आले की ओळखतो, आणि खबरदारी घेणारा ते येण्यापूर्वीच व्यवस्था करतो. इंग्रजी 'प्रिकॉशन'ला तो नेमका बसतो.

मांडवीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज दुपारी नवा खर्डा घेऊन पुन्हा दांडिया बाजारात गेलो होतो. नऊ ठिकाणांपैकी 'काळजीपूर्वक' आता एकाच ठिकाणी आहे, पहिल्या ओळीत, पत्रक वाचण्याविषयी. शेगडीचे बटण आणि रेग्युलेटर नीट बंद आहेत ना, हे बघून मगच झोपावे, असे काकूंच्याच शब्दांत लिहिले. ओल्या फरशीवर जपून पाऊल टाकावे आणि भिंतीचा आधार घ्यावा. गरम भांडे दोन्ही हातांनी, फडक्याने धरून हळूच उतरवावे. औषधाचे नाव चिठ्ठीशी पडताळून, बाटलीबरोबरच्या मापाने मोजून घ्यावे. पायांची रोज निगा राखावी ही ओळ नव्याने घातली, आणि त्याखाली परिचारिका ताईंनी सांगितलेले तळवे, बेचक्या, टाचा बघण्याचे एक वाक्य. कागदपत्रे सांभाळून ठेवावीत. दारावर आलेल्या अनोळखी माणसाशी साखळी न काढता, बेताने बोलावे. दूरध्वनीच्या ओळीत विश्वामित्री यांच्या सांगण्यावरून खबरदारी लिहिली आणि लगेच पुढे, ओटीपी कोणालाही, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही, सांगू नये, असे स्पष्ट केले.

नववे वाक्य मात्र अडले आहे. इंग्रजीत ते घरात आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठी आहे: त्यांनी स्वतःच्या बाबतीतही केअरफुल असावे. मी 'स्वतःलाही जपावे' असे लिहिले होते. काकू ते वाचून बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांनी स्वतः काकांचे सात वर्षे अंथरुणातले दुखणे काढले आहे. मग म्हणाल्या, "जपावे नको. जपायला दुसरे कोणी लागते. 'स्वतःकडेही बघावे' असे लिही."

तसे लिहिले आहे. गुजराती खर्ड्यासाठी वाडीतली सून यांना उद्या व्यक्तिगत निरोप पाठवतो.